हात घालण्याआधी

फोटोतली टाकी पाहिली. मासे छान आहेत, काळा तर फारच गोड. पण त्यांच्याखाली, स्टँडच्या कप्प्यात, तो पांढरा एक्स्टेन्शन बोर्ड दिसला आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून सांगायला बसले. तुझे आजोबा नाशकात कारखान्यात वायरमन होते आणि घरात दोन फुटी टाकी कायमची. आता सांगते आहे त्यातलं निम्मं त्यांच्याकडून ऐकलेलं आहे, निम्मं त्यांची बोलणी खाऊन शिकलेलं.

मासे मजेत पोहताहेत म्हणजे पाण्यात करंट नाही, असं कधी धरून चालू नकोस. टाकी काचेची. हिटरला केसाएवढी चीर गेली आणि पाण्यात फेज उतरला, तरी त्याला जमिनीकडे जायला वाटच नसते. तारेवर कावळा बसतो ना निवांत, तसे मासे राहतात. मग तू येतेस, नुकत्याच पुसलेल्या फरशीवर अनवाणी उभी राहतेस आणि शेवाळ खरवडायला हात घालतेस. आता वाट मिळाली! आजोबा म्हणायचे, टाकीला अर्थिंग नसतं, ते आपण पुरवतो. टेस्टर बुडवून बघायचा शहाणपणाही नको. कधी नसताना मिणमिणतो, कधी असताना गप्प बसतो.

तेव्हा हात घालण्याआधी प्लग काढायचे. बटण बंद केलं म्हणजे झालं असं नाही, प्लग उपसून बाजूला. फेज आणि न्यूट्रल उलटे जोडलेले बोर्ड आजोबांनी इतके पाहिले होते की कुणाच्याही घरी गेले तरी आधी बोर्डाकडे बघायचे, मग चहाकडे. बटण न्यूट्रलवर बसलं असेल तर पंप थांबतो, दिवा विझतो, पण दोनशे तीस व्होल्ट आत तसेच उभे असतात.

हिटरचा प्लग सगळ्यांत आधी काढ आणि पंधरा-वीस मिनिटं दुसरं काम कर. तुमच्या पुण्यात तो डिसेंबर-जानेवारीत लागेल, बाकी वर्षभर कपाटात ठेव. तो पाण्यात बुडालेला असेल तोवर ठीक. पाणी उतरून उघडा पडला की नळी भयंकर तापते आणि तिच्यावर गार पाणी पडलं की काच तडकते. हे मला ठाऊक असायचं कारण मीच केलंय ते. भारनियमनाचे दिवस. वीज नव्हती म्हणून म्हटलं, चला, पाणी बदलून घेऊ. निम्मी टाकी उपसली. हिटरचं बटण चालूच होतं, पण वीजच नाही तर लक्षात कशाला येतंय? मी बादली भरायला मोरीत गेले आणि तेवढ्यात वीज आली. परत येऊन बादली ओतली, तर ‘टच्’ असा आवाज. काय झालं बघायला हात पुढे केला, तोच आजोबांनी मेन स्विच पाडला. घरभर अंधार. दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

आता त्या बोर्डाचं. टाकीच्या खालून काढ आणि बाजूच्या भिंतीवर, जमेल तितका उंच ठोकून घे. वायर टाकीच्या काठावरून थेट सॉकेटात उतरली की पाण्याचा थेंब तिच्यावरून घरंगळत प्लगात जातो. म्हणून वायरीला झोळ द्यायचा: आधी सॉकेटच्या खाली वीतभर लोंबू द्यायची, मग वर वळवून प्लग लावायचा. थेंब झोळाच्या तळाशी येऊन खाली फरशीवर पडतो. फुकटचा उपाय आहे, आणि दहा घरांत नऊ ठिकाणी दिसत नाही.

बुडबुड्यांचा पंप पाण्याच्या पातळीच्या वर ठेव. वीज गेली की नळीतून पाणी उलटं येऊन पंपात शिरतं. वर जागा नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसव, मासेवाल्याकडे अगदी स्वस्तात मिळतो.

आणि घरात एमसीबी आहे म्हणून निर्धास्त राहू नकोस. तो वायरीला वाचवतो, तुला नाही. सहा अँपिअरचा एमसीबी सहाच्या पुढे गेल्याशिवाय हलायचा नाही आणि माणसाला त्याचा दोनशेवा हिस्साही जिवावर बेततो. तुला हवा आरसीसीबी, तोही तीस मिलिअँपिअरचा. शंभरचा बसवला असेल तर तो माणसासाठी पुरेसा नाही, बदलून घे. फेजने गेलेला करंट न्यूट्रलने तेवढाच परत येतोय का, एवढंच तो बघतो. फरक दिसला की पडतो. तुझ्या हिटरला दोनच पिना आहेत, अर्थिंग नाही, तरी तो पडेल. मात्र तो पडेल तुझ्यातून करंट गेल्यावर. झटका बसेलच, जीव वाचेल. म्हणून तो आला तरी प्लग काढायचा नेम मोडायचा नाही. आणि कुणी चिकटलंच, तर धरायला धावू नकोस, आधी मेन पाड.

आरसीसीबीवर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. महिन्यातून एकदा ते दाबायचं, खटकन पडला पाहिजे. नाही पडला तर त्याच दिवशी वायरमनला बोलाव. तुझा नवरा ओरडेल, मॅच चालू असताना टीव्ही गेला म्हणून. ओरडू दे.