दातांवरचे किटण

वेळणेश्वर हे रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील समुद्रकाठचे एक लहानसे गाव. माडांची दाट राई, राईच्या सावलीत वेळणेश्वराचे शिवमंदिर आणि पुढे वाळूचा विस्तीर्ण किनारा. गावाच्या दक्षिणेस शास्त्री नदी खाडीच्या रूपाने समुद्रास मिळते. पावसाळ्याच्या तोंडी या किनारपट्टीवर मासेमारी थांबते आणि होड्या ओढून वर आणल्या जातात. त्या वेळी होडीचा तळ पाहावा. वर्षभर खाऱ्या पाण्यात राहिल्याने त्यावर शेवाळ धरलेले असते आणि जागोजाग बारीक शिंपल्यांसारख्या कवचधारी जीवांचे खरखरीत पूट चढलेले असते. शेवाळ हाताने पुसता येते. परंतु ते दगडासारखे पूट कितीही पाणी ओतले तरी निघत नाही. पाते घेऊन ते खरवडूनच काढावे लागते.

या किनाऱ्यावरील एका वृद्ध तांडेलांना मी ओळखत असे. आपली होडी खरवडल्यावाचून त्यांनी एकही पावसाळा जाऊ दिला नाही. तथापि त्यांच्या स्वतःच्या दातांची अवस्था मात्र शोचनीय होती. हिरड्या सुजत, भाकरी चावताना रक्त येई, आणि खालच्या पुढच्या दातांच्या आतील बाजूस पिवळसर किटणाची जाड कड बसली होती. सुकटीचा तुकडा चावणेही त्यांना कठीण झाले होते. दंतवैद्याकडे जाण्याचा विषय निघाला, की ते म्हणत, “दात साफ करून घेतले की ढिले होतात. आमच्या शेजाऱ्याचे झाले.”

मुलांनो, ही समजूत केवळ त्या तांडेलांचीच नव्हती. आजही पुष्कळ घरांतून ती ऐकू येते. ती खरी की खोटी हे ठरविण्यापूर्वी किटण म्हणजे काय, ते पाहू.

आपण दात घासून चूळ भरली, की काही तासांतच दातांवर एक पातळ, चिकट थर जमू लागतो. जिभेचे टोक दातांवरून फिरविले, तर सकाळी उठल्यावर तो बुळबुळीत लागतो. हा थर म्हणजे असंख्य सूक्ष्म जंतूंची वस्तीच होय. हॉलंडमधील लेव्हेनहूक नावाच्या कापडव्यापाऱ्याने स्वतः घासून बनविलेल्या भिंगाखाली आपल्या दातांवरचा मळ पाहिला, आणि त्यात हालचाल करणारे इवलेसे जीव असल्याचे त्याने 1683 साली लंडनच्या रॉयल सोसायटीस पत्राने कळविले. हा थर मऊ असतो तोवर ब्रशने सहज निघतो. तो तसाच राहिला, तर लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट हे क्षार त्यात साचतात आणि तो हळूहळू दगडासारखा घट्ट होतो. हेच किटण. लाळ जेथे तोंडात येते, त्या ठिकाणी ते अधिक साचते. म्हणून खालच्या पुढच्या दातांची आतील बाजू आणि वरच्या दाढांची गालाकडील बाजू ही त्याची आवडती स्थाने होत. तुम्ही आरशात पाहता ती दातांची दर्शनी बाजू. तेथे सर्व काही शुभ्र दिसले, तरी मागे काय चालले आहे ते कळत नाही.

किटणाचा पृष्ठभाग खडबडीत असल्यामुळे त्यावर नवे जंतू आणखी सहज चिकटतात. त्यांच्या सहवासाने हिरडी लाल होते, सुजते, तिच्यातून रक्त येते. एवढ्यावर उपाय झाला, तर हिरडी पूर्ववत होते. पण उपेक्षा झाली, तर काहींच्या बाबतीत हिरडी दातापासून सुटून मध्ये फट पडते, त्या फटीत किटण खाली उतरते आणि दाताला धरून ठेवणारे हाड झिजू लागते. झिजलेले हाड आपोआप परत येत नाही. मधुमेही माणसास तर हा रोग अधिक पीडा देतो, आणि हिरड्या बिघडल्या की मधुमेह आवरणेही अवघड होते.

हे ज्ञान आजचेच आहे असे मात्र नाही. सुश्रुतसंहितेत या कठीण मळास ‘दंतशर्करा’ असे नाव असून ती काढण्यासाठी ‘दंतशंकु’ नावाचे शस्त्र सांगितले आहे. वैद्याने दाताच्या मुळांना इजा न होऊ देता शर्करा काढावी आणि नंतर तेथे लाखेचे चूर्ण मधात कालवून चोळावे, असे तेथे म्हटले आहे. काढणाऱ्या हाताला इतका जपण्याचा आदेश त्या प्राचीन ग्रंथात आहे, ही गोष्ट मला मोठी मोलाची वाटते. पुढे इसवी सनाच्या 1000 च्या सुमारास स्पेनमधील कॉर्डोव्हा येथील अल्-झहरावी या शल्यवैद्याने दात खरवडण्याच्या हत्यारांची चित्रेच आपल्या ग्रंथात दिली.

आज या क्रियेस ‘स्केलिंग’ म्हणतात. दंतवैद्याच्या हातातील उपकरणाचे टोक सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा कंप पावते. त्या कंपनाने किटण तडकून सुटते, आणि सोबत येणारी पाण्याची बारीक फवार ते धुऊन नेते. नाजूक जागी हाताचे हत्यार वापरतात. शेवटी रबराची लहानशी वाटी फिरवून दात गुळगुळीत करतात, म्हणजे नवा मळ चटकन चिकटत नाही. अमेरिकेत फोन्स नावाच्या दंतवैद्यांनी हे काम करण्यासाठी 1906 साली आपल्या मदतनीस आयरीन न्यूमन यांना शिकविले, आणि त्यांच्या पहिल्या विद्यार्थिनी पुढे ब्रिजपोर्ट गावच्या शाळांत जाऊन मुलांचे दात स्वच्छ करू लागल्या. भारतातही 1948 च्या दंतवैद्यकविषयक कायद्यात दात स्वच्छ करणाऱ्या अशा प्रशिक्षित साहाय्यकांची नोंदणी करण्याची तरतूद झाली.

आता त्या तांडेलांकडे वळू. एके वर्षी होडी खरवडताना त्यांचा सातवीतला नातू जवळ बसला होता. त्याने विचारले, “आजोबा, होडी खरवडली की फळी फुटते का हो?”

“छे! फळी धड असेल तर कशी फुटेल?”

“मग परवा या फळीला भोक कसे पडले?”

“अरे, भोक आधीच होते. फळी आतून कुजली होती. वरच्या पुटाने ती झाकलेली होती, एवढेच. पूट काढले म्हणून ती दिसली.” एवढे बोलून म्हातारबुवा थांबले. नातवाकडे क्षणभर पाहत राहिले आणि मग पुन्हा खरवडू लागले.

मुलाने पुढे एक शब्दही काढला नाही. तो शहाणा खरा!

शेजाऱ्याच्या दातांचेही तेच झाले होते. हाड आधीच झिजलेले होते. किटणाच्या आधाराने दात कसेबसे उभे होते. आधार गेला, तेव्हा ढिलेपणा उघडा पडला. स्केलिंगनंतर काही दिवस गार पाणी दातांना झोंबते हेही खरे. झाकलेला भाग उघडा झाल्यामुळे तसे होते आणि ते बहुधा आपोआप कमी होते.

आठ दिवसांनी तांडेल नातवासह चिपळूणला गेले. एक दाढ वाचण्यापलीकडे गेली होती. ती काढावी लागली. बाकीच्यांचे किटण दोन वेळा बसवून काढले. मिसरी सोडण्याविषयी दंतवैद्यांनी त्यांना बजावले, राखुंडीच्या जागी मऊ ब्रश दिला, तो हिरडीच्या कडेला हलक्या हाताने कसा फिरवावा ते दाखविले आणि सहा महिन्यांनी पुन्हा यावयास सांगितले. नातवाचे तोंड तपासून मात्र ते म्हणाले, “तुला सध्या याची गरज नाही. सकाळ-रात्र नीट घासत जा.”

सहा महिन्यांनी, नारळी पौर्णिमेला समुद्रात उतरलेली होडी माशांनी भरून येत असताना, तांडेलांनी एक दिवस होडी बंद ठेवली आणि ते पुन्हा चिपळूणच्या गाडीत बसले. शेजारी विचारू लागला, तेव्हा ते म्हणाले, “तळ पाहून येतो.”