पाकोळीची शिदोरी

वाचकहो, ह्या पाठाचा आरंभ आमच्याच एका चुकीने करणे प्राप्त आहे.

कोल्हापुरातील मंगळवार पेठेत आमचे बिऱ्हाड एका जुन्या वाड्यात आहे. वाड्याच्या देवडीत तुळयांखाली पाकोळ्यांची पाच-सात घरटी पुष्कळ वर्षांपासून आहेत. पिसे व गवताच्या काड्या आपल्या लाळेने चिकटवून हा पक्षी घरटे करितो. गेल्या वैशाखात घरात लग्नकार्य निघाले आणि देवडीस रंग द्यावयाचे ठरले. खाली विष्ठा पडते, पाहुण्यांसमोर बरे दिसत नाही, म्हणून आम्ही कळकाच्या टोकाने तीन घरटी पाडविली. घरटी रिकामी असतील अशी आमची समजूत होती. वर चढून पाहण्याचे कष्ट मात्र आम्ही घेतले नाहीत.

एका घरट्याबरोबर दोन पिले फरशीवर पडली. एक जागीच मेले. दुसरे आम्ही कापसात ठेविले आणि त्यास दुधात भिजविलेली पोळी व भाताची शिते बळेच भरविली. रात्रभर ते हालचाल करीत होते. सकाळी पाहतो तो तेही गेलेले. घरातील मुलीने विचारले, "एवढे खायला दिले, तरी का मेले?" तिला तेव्हा नीट उत्तर देता आले नाही. पुढील मजकूर हे त्या प्रश्नाचे उत्तर होय.

त्याच दिवशी दुसरी एक गोष्ट घडली. पिलांचे आईबाप मोडलेल्या जागी वारंवार येऊन घिरट्या घालीत होते. त्यांतील एकाच्या तोंडातून हरभऱ्याएवढी काळसर ओली गोळी खाली पडली. ती आम्ही बशीत पाणी घेऊन त्यात सुईने अलगद सोडविली व भिंगाने पाहिली. तीत पंख असलेल्या मुंग्या, बारीक भुंगेरे, हिरवा मावा, चिलटे आणि दोन-तीन इवलेसे कोळी होते. शंभरापर्यंत मोजले आणि मोजणे सोडून दिले. ही त्या पिलांची शिदोरी होती. आम्ही दिलेला दूधभात तिच्या जागी मुळीच चालण्यासारखा नव्हता.

पाकोळी आणि भिंगरी

हे दोन पक्षी पुष्कळ लोक एकच समजतात, म्हणून आधी भेद सांगितला पाहिजे. पाकोळी काळसर असून तिच्या पाठीच्या शेवटी पांढरा पट्टा असतो. तिचे पाय इतके आखूड की तिला तारेवर बसता येत नाही. ती केवळ उभ्या भिंतीस लटकू शकते. तिचे खाणे, पाणी पिणे, घरट्यासाठी पीस पकडणे, सारे उडता उडता चालते. विजेच्या तारेवर रांगेने बसलेली दिसते ती भिंगरी. भिंगरी चिखलाच्या गोळ्यांनी घरटे बांधिते. भिंगऱ्यांतील माळभिंगरी आपल्याकडे हिवाळ्याची पाहुणी आहे. उन्हाळा तापू लागला म्हणजे ती हिमालयाकडे व त्याच्याही पलीकडे पिले काढण्यास निघून जाते. तारवाली भिंगरी मात्र पाण्याच्या आसपास बारमाही राहते, आणि पाकोळीही आपले गाव सोडीत नाही.

दोघींचे भक्ष्य मात्र एकाच जातीचे. दाणा नाही, फळ नाही. हवेत जे उडते किंवा तरंगते तेवढेच. कोतवाल व वेडा राघू हेही उडते किडेच धरितात, पण ते फांदीवर किंवा तारेवर बसून टेहळणी करितात आणि मोठी शिकार निवडितात. वेडा राघू मधमाशी किंवा गांधीलमाशी धरून आणितो व फांदीवर आपटून तिची नांगी निकामी करितो. भिंगरी व पाकोळी ह्यांची चोच लहान, पण जबडा रुंद असतो. उडतानाच त्या किडे टिपून घेतात.

वैशाखात अन्न येते कोठून?

चैत्र-वैशाखात माळ करपून जातो. मग हवेत किडे कोठून यावेत? नीट पाहिल्यास चार ठिकाणे सापडतात.

पहिले ठिकाण पाणी. रंकाळा, कोटितीर्थ आणि पंचगंगेचे डोह ह्यांच्या तळच्या चिखलात चिलटांच्या अळ्या वाढतात. ही चिलटे दिसावयास डासासारखी, पण चावत नाहीत. सायंकाळी काठावर त्यांचे धुरासारखे थवे उभे राहतात आणि त्या थव्यांतून भिंगऱ्या पाण्याला लागून फेऱ्या घालतात.

दुसरे ठिकाण ओलिताचा ऊस. सारे शिवार वाळले तरी ऊस हिरवा असतो. त्यावर मावा व तुडतुडे वाढतात आणि त्यांतील पंखवाले वाऱ्यावर निघतात.

तिसरे ठिकाण गोठा व उकिरडा. तेथील माशा व शेणातील बारीक भुंगेरे भिंगरीच्या उपयोगी पडतात. गुरे चालू लागली म्हणजे गवतातील किडे उडतात, म्हणून कोतवाल गुरांच्या पाठीवर बसून हिंडतो.

चौथे ठिकाण स्वतः आकाश. दुपारी तापलेल्या जमिनीवरून गरम हवा वर चढते आणि मावा, इवल्या माशा व धाग्यावर तरंगणारे कोळी ह्यांना उंच घेऊन जाते. आपल्या डोळ्यांस ते आकाश मोकळे दिसते. पाकोळीला ते भरलेले ताट आहे. हवा दमट झाली की किडे खाली उतरतात व त्यांच्यामागे पक्षीही उतरतात. "पाखरे खाली उडू लागली, आता पाऊस येणार," असे शेतकरी म्हणतो त्यात म्हणूनच तथ्य आहे.

मग वळवाचा किंवा मृगाचा पाऊस पडतो. ओल्या जमिनीतून वाळवीचे पंखवाले नर-माद्या संध्याकाळी बाहेर पडतात. घरातील दिव्याखाली सकाळी जो पंखांचा सडा दिसतो तो त्यांचाच. त्या दिवशी पाकोळी, भिंगरी, कोतवाल, साळुंकी, कावळा, सर्वांची मेजवानी असते. हुमणीचे भुंगेरेही ह्याच पावसानंतर तिन्हीसांजेस कडुनिंबावर व बाभळीवर येतात. ते पाकोळीच्या घशास फार मोठे. त्यांचा समाचार कावळे व घुबडे घेतात.

डासांचे काय?

पाकोळ्या असल्या की डास उरत नाहीत, असे कोणी म्हणेल तर ते खरे मानू नये. पाकोळी डास खाते, पण वाट्यास येईल तेवढाच. हिवतापाचा डास रात्री हिंडतो, तेव्हा पाकोळी घरट्यात असते. डेंग्यूचा डास दिवसा चावतो, पण घरातील अंधाऱ्या कोपऱ्यांत. तेथे पाकोळी येत नाही. डासांसाठी पिंप झाकणे व साचलेले पाणी ओतून देणे हे आपलेच काम आहे. पक्ष्याची खोटी स्तुती केली तर ती खोटी ठरल्यावर पक्ष्याचीच किंमत जाते. म्हणून खरे तेवढेच सांगावे.

विष्ठेतील पुरावा

ज्या विष्ठेमुळे आम्ही घरटी पाडली, तीच ह्या पक्ष्याच्या अन्नाची नोंदवही आहे. कॅनडा देशात किंग्स्टन शहरी एका विद्यापीठाच्या इमारतीतील धुराड्यात तिकडील पाकोळ्या वर्षानुवर्षे मुक्कामास येत. तळाशी त्यांच्या विष्ठेचा सुमारे २ मीटर उंचीचा थर साचला. त्यात १९४४ पासून १९९२ पर्यंतच्या ४८ वर्षांचे अन्न क्रमाने थरांत पडून राहिले होते. शास्त्रज्ञांनी ते थर तपासून २०१२ साली प्रसिद्ध केले की, डीडीटीची फवारणी वाढली त्या काळात पक्ष्यांच्या आहारातील भुंगेरे घटले व त्यांच्या जागी ढेकणाच्या वर्गातील रस शोषणारे किडे वाढले. पक्षी उपाशी राहिले नाहीत, पण भाकरीच्या जागी कोंडा खावा तसे झाले.

जर्मनीतील संरक्षित रानांत २७ वर्षांत उडत्या किड्यांचे एकूण वजन तीनचतुर्थांशाहून अधिक घटले, असे २०१७ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा घरटे जागेवर राहूनही पिलू उपाशी राहू शकते. पिकावर कीड किती आहे हे न पाहता, शेजाऱ्याने फवारले म्हणून आपणही फवारणे, हे दुसऱ्या टोकाने घरटे पाडणेच होय.

काय करावे?

एक. फाल्गुनापासून भाद्रपदापर्यंत पाकोळीचे घरटे पाडू नये. अंडी उबविण्यास सुमारे तीन आठवडे व पिले उडण्यास आणखी पाच-सहा आठवडे लागतात.

दोन. विष्ठेचा त्रास होत असेल तर घरट्याखाली हात-दीड हात अंतर सोडून एक फळी ठोकावी व ती अधूनमधून झाडावी. झाडताना नाकातोंडास फडके बांधावे आणि हात साबणाने धुवावेत.

तीन. पिलू खाली पडले तर त्यास दूध, भात, पोळी देऊ नये. शक्य तितक्या लवकर त्यास त्याच्याच घरट्यात ठेवावे. आईबाप त्यास सोडीत नाहीत. घरटे मोडले असेल तर जवळच्या पक्षिमित्रांस किंवा वनखात्यास कळवावे.

आमच्या देवडीत आता दोन फळ्या ठोकल्या आहेत. पाडलेल्या तीनपैकी दोन जागी पाकोळ्यांनी पुन्हा काड्या चिकटविल्या. तिसरी जागा रिकामी आहे. यापुढे घरास रंग मार्गशीर्षात द्यावयाचा, असे आम्ही ठरविले आहे.

मुलांस विचारावयाचे प्रश्न

१. तारेवर बसलेला पक्षी पाकोळी नव्हे, हे कशावरून?

२. तुमच्या गावी वैशाखात उडते किडे कोठे कोठे दिसतात? संध्याकाळी जाऊन पाहा व सांगा.

३. पाऊस येण्यापूर्वी पाखरे खाली का उतरतात?

४. दूधभात देऊनही ते पिलू का मेले?