पडद्यावर विरणाऱ्या चुकांची कीर्द

हडपसर व कोथरूड येथील आमच्या बाह्यरुग्ण केंद्रांत पावतीचे पान अडले, की कर्मचारी ते पुन्हा उघडतात. चूक त्याच पडद्यावर विरते. मुख्य सर्व्हरला तिचा पत्ता लागत नाही. एका केसपेपरच्या दोन पावत्या निघून नातेवाइकांना भुर्दंड पडला, तेव्हा आम्ही जागे झालो.

जावास्क्रिप्टमधील ‘विंडो.ऑनएरर’ या सोयीने चुकीचा मजकूर, फाइल व ओळक्रमांक हाती येतो. त्यास वेळ, खिडकी क्रमांक व ब्राउझरची आवृत्ती जोडून नोंद मुख्य सर्व्हरकडे पाठविली जाते. वाणिज्य शाखेच्या आम्हांस ही रोजकीर्दच वाटली! जोडणी तुटली असल्यास नोंद संगणकातच साठवून मागाहून पाठवावी लागते.

रुग्णाचे नाव नोंदीत जाऊ नये, असे आम्ही बजावले होते. परंतु पानाच्या पत्त्यातच रुग्णाचा नोंदणी क्रमांक असे. तोही आता गाळला जातो.