फुटबॉलची दंगल व तुरुंगाची शिक्षा

गेल्या सहामाहींत आमच्या शाळेच्या वक्तृत्वसभेपुढें पुढील विषय मांडण्यांत आला होता : फुटबॉलच्या सामन्यांत दंगल करणारांस तुरुंगांत टाकणें न्याय्य आहे काय ? दोन्ही बाजूंनीं जोराचीं भाषणें झालीं, टाळ्याही पुष्कळ पडल्या. परंतु बहुतेक वक्त्यांनीं मत आधीं ठरविलें होतें व पुरावा मागाहून शोधला होता, असें आम्हांस वाटलें. न्यायाच्या प्रश्नांत हा क्रम उलटा असला पाहिजे. म्हणून प्रथम हकीकत, मग पूर्वपक्ष, मग उत्तरपक्ष व शेवटीं निर्णय, अशा रीतीनें ह्या विषयाचा थोडा अभ्यास येथें करूं.

हकीकत

हा प्रश्न प्रामुख्यानें इंग्लंडांत उपस्थित झाला. १९७० ते १९९० ह्या वीस वर्षांत तेथें कित्येक संघांच्या मागें अशा टोळ्या तयार झाल्या होत्या कीं, त्यांस खेळ पाहण्यापेक्षां प्रतिपक्षाच्या पाठीराख्यांशीं मारामारी करण्याचीच हौस अधिक. युरोपांतील इतर राष्ट्रें ह्या प्रकारास ‘इंग्रजांचा रोग’ असें म्हणूं लागलीं.

ह्या रोगाचें अत्यंत भयंकर स्वरूप २९ मे १९८५ रोजीं दिसून आलें. बेल्जियमची राजधानी ब्रुसेल्स येथील हेझेल मैदानावर इंग्लंडचा लिव्हरपूल व इटलीचा युव्हेंटस ह्या संघांमध्यें युरोपियन चषकाचा अंतिम सामना होता. सामना सुरू होण्यापूर्वींच लिव्हरपूलचे कांहीं पाठीराखे मधलें तकलादू कुंपण ओलांडून शेजारच्या भागांतील प्रेक्षकांवर धांवून गेले. ते लोक जीव वांचविण्यासाठीं मागें हटले, एका जुनाट भिंतीपाशीं चेंगरले, आणि ती भिंत कोसळली. ३९ माणसें प्राणांस मुकलीं; त्यांपैकीं ३२ इटलीचीं होतीं. इंग्लंडच्या संघांना युरोपांतील स्पर्धांत खेळण्यास पांच वर्षें बंदी झाली. लिव्हरपूलला सहा वर्षें बाहेर राहावें लागलें. १९८९ सालीं बेल्जियमच्या न्यायालयानें लिव्हरपूलच्या १४ पाठीराख्यांस मनुष्यवधाबद्दल दोषी ठरवून तीन तीन वर्षांची शिक्षा दिली व तींतील अर्धी तहकूब ठेविली.

हें सर्व परदेशांतलें, असें कोणीं म्हणूं नये. १६ ऑगस्ट १९८० रोजीं कलकत्त्याच्या ईडन गार्डन्स मैदानावर मोहन बागान व ईस्ट बंगाल यांचा सामना चालू असतां प्रेक्षकांत दंगल उसळली व १६ जण मरण पावले. सकाळीं घरून सामना पाहण्यास निघालेले ते लोक होते.

आतां कायदा काय म्हणतो तें पाहूं. इंग्लंड व वेल्स येथील कायद्याच्या स्थूलमानानें तीन पायऱ्या आहेत. पहिली पायरी दंडाची. मैदानावर वस्तु फेंकणें, वंशद्वेषाच्या आरोळ्या देणें, परवानगीवांचून खेळाच्या जागेंत शिरणें, हे १९९१ च्या कायद्याप्रमाणें अपराध आहेत. परंतु त्यांस केवळ दंड आहे, कारावास नाहीं. दुसरी पायरी बंदीची. न्यायालय एखाद्यास कमींत कमी तीन व जास्तींत जास्त दहा वर्षें सामन्यांपासून दूर राहण्याचा हुकूम करूं शकतें. परदेशीं सामने असले म्हणजे अशा माणसास आपला पासपोर्टही पोलिसांच्या स्वाधीन करावा लागतो, आणि हुकूम मोडल्यास सहा महिन्यांपर्यंत तुरुंगवास होतो. तिसरी पायरी कारावासाची. १९८६ च्या सार्वजनिक शांततेच्या कायद्यांत, मारामारीनें लोकांस भयभीत करण्याबद्दल तीन वर्षें, तीन किंवा अधिक माणसांनीं मिळून केलेल्या हिंसेबद्दल पांच वर्षें, व बारा किंवा अधिक माणसांनीं समान हेतूनें केलेल्या दंगलीबद्दल दहा वर्षें, अशी शिक्षेची कमाल मर्यादा घातली आहे.

पूर्वपक्ष

कारावास न्याय्य आहे असें म्हणणारांचा मुख्य आधार असा. एकट्या माणसानें केलेली आगळीक व जमावांत राहून केलेली आगळीक ह्या सारख्या नव्हेत. वाळलेल्या कुरणांत टाकलेली ठिणगी व ओल्या मातींत टाकलेली ठिणगी दिसावयास एकच. परिणाम मात्र भिन्न. हेझेल येथें धांवून जाणाऱ्या प्रत्येकाला असें म्हणतां आलें असतें कीं, ‘मीं कोणासही मारलें नाहीं, मी केवळ धांवलों.’ परंतु सर्वांच्या धांवण्यानेंच ३९ माणसें मेलीं. हेंच तत्त्व इंग्लंडच्या अपील न्यायालयानें १९७० सालीं एका वेगळ्या खटल्यांत मांडलें. केंब्रिज येथील एका हॉटेलापुढें निदर्शनें करतांना विद्यार्थ्यांनीं दंगल केली होती व कांहींना कारावास झाला होता. न्यायालयाचें म्हणणें असें पडलें कीं, दंगलींत भाग घेणाऱ्याचें कृत्य सुटें काढून तोलतां येत नाहीं. जमावाच्या संख्येला त्यानें आपलें बळ दिलें, ह्यांतच त्याच्या अपराधाचें गांभीर्य आहे. ते आरोपी नामांकित विद्यापीठाचे विद्यार्थी होते, ही गोष्ट आमच्या वाचकांनीं विसरूं नये.

दुसरा आधार जखमी झालेल्याचा. २१ जून १९९८ रोजीं विश्वचषकाच्या वेळीं फ्रान्समधील लांस शहरीं दानिएल निवेल नांवाच्या पोलिस शिपायास जर्मन गुंडांनीं खालीं पाडून इतकें बेदम मारलें कीं, तो कित्येक आठवडे बेशुद्ध होता व जन्माचा अपंग झाला. अशा कृत्यास ‘तरुणांचा उत्साह’ म्हणणें ही त्या माणसाच्या घरच्यांची क्रूर थट्टाच होय. जर्मनींतील न्यायालयानें १९९९ सालीं चार आरोपींस शिक्षा दिली, पण सर्वांस सारखी नव्हे. एकास दहा वर्षें, इतरांस ज्याच्या त्याच्या कृत्याप्रमाणें सहा वर्षांपासून साडेतीन वर्षांपर्यंत. ह्या निवडीकडे वाचकांनीं लक्ष द्यावें. पुढें तिचा उपयोग आहे.

उत्तरपक्ष

प्रतिपक्षाचें म्हणणें असें कीं, दंगलीच्या खटल्यांत न्यायाधीशाच्या खुर्चीवर पुष्कळ वेळां लोकांचा संताप येऊन बसतो. १९८५ सालीं लंडनच्या एका न्यायालयानें चेल्सी संघाच्या एका पाठीराख्यास एका मद्यगृहांतील हिंसेबद्दल जन्मठेप दिली. हेझेलची दुर्घटना तेव्हां ताजी होती. पुढच्याच वर्षीं अपिलांत ती शिक्षा तीन वर्षांवर आली. जन्मठेप कोठें व तीन वर्षें कोठें ! कृत्य तेंच, कायदा तोच. मधल्या काळांत निवळला तो केवळ राग. पुन्हा १९८७ सालीं त्याच संघाच्या कांहीं पाठीराख्यांस पोलिसांनीं गुप्तपणें गोळा केलेल्या पुराव्यावर लांब मुदतीच्या शिक्षा झाल्या. दोघांस तर दहा दहा वर्षें. दोन वर्षांनीं तो पुरावा विश्वसनीय नाहीं असें ठरून त्या शिक्षा रद्द झाल्या. तुरुंगांत गेलेले दिवस मात्र कोणतेंही न्यायालय रद्द करूं शकत नाहीं.

तिसरें उदाहरण सर्वांत दुःखद. १५ एप्रिल १९८९ रोजीं शेफील्ड येथील हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूलच्या पाठीराख्यांची चेंगराचेंगरी झाली व तींत सांपडलेलीं ९७ माणसें मृत्यु पावलीं. त्यांपैकीं शेवटचा मनुष्य २०२१ सालीं वारला. पोलिसांनीं बाहेरचा दरवाजा उघडून लोकांना आधींच भरलेल्या कोंडवाड्यांत जाऊं दिलें होतें. परंतु हेझेलची आठवण ताजी असल्यामुळें, ‘हे दारूबाज दंगेखोर आपल्याच कर्मानें मेले’ असें पसरविणें सोपें गेलें. मृतांच्या आईबापांना खरें सिद्ध करण्यास २७ वर्षें झगडावें लागलें. २०१६ सालीं पंचांनीं निर्णय दिला कीं, पाठीराख्यांचा कांहीं दोष नव्हता व त्या मृतांचा बेकायदेशीर वध झाला होता. तरीही त्या मृत्यूंबद्दल एकाही अधिकाऱ्यास तुरुंग पाहावा लागला नाहीं. ‘चोर सोडून संन्याशास सुळीं’ ही आपली म्हण येथें दुहेरी खरी ठरली.

शिक्षेनें भय बसतें हें म्हणणेंही सर्वत्र खरें नाहीं. इजिप्तमधील पोर्ट सैद येथें १ फेब्रुवारी २०१२ रोजीं सामन्यानंतरच्या दंगलींत ७४ माणसें मेलीं. जानेवारी १९१३ मध्यें नव्हे, आपल्याच काळांत, २०१३ च्या जानेवारींत, न्यायालयानें २१ जणांस देहान्त शिक्षा फर्माविली. ती ऐकतांच त्या शहरांत दंगे उसळून आणखी तीसहून अधिक माणसें मेलीं. शिक्षा कितीही कडक असली, तरी ती सूडाची आहे असें लोकांस वाटलें म्हणजे ती शांति आणीत नाहीं.

आमची एक चूक

येथें आम्हांस स्वतःची एक गोष्ट सांगितली पाहिजे. कांहीं वर्षांपूर्वीं आंतरशालेय स्पर्धेच्या अंतिम सामन्यांत आमचा संघ अगदीं शेवटच्या क्षणीं हरला. आमच्या मुलांच्या बाजूनें दगड आले व प्रतिपक्षाच्या गोलरक्षकाची भुंवई फुटून टांके घालावे लागले. आम्ही धांवत गेलों, तों दहावींतील एक मुलगा हातांत दगड घेऊन पुढेंच उभा. आम्हीं विचारपूस केली नाहीं. त्यास वर्षभर मैदानाची बंदी केली. तो कांहीं बोलला नाहीं. चार महिन्यांनीं दुसरा एक मुलगा रडत आमच्याकडे आला. दगड मारणारा तो होता. पहिल्यानें तर एका लहान मुलाच्या हातांतला दगड हिसकावून घेतला होता! सकाळच्या प्रार्थनेच्या वेळीं सर्व शाळेसमोर आम्हीं त्या मुलाची क्षमा मागितली व त्यानें ती दिली. परंतु शाळेंतील त्याचा शेवटचा हंगाम आम्हांस परत देतां आला नाहीं. ज्यानें खरोखर दगड मारला होता, त्यास आम्हीं वडिलांबरोबर त्या गोलरक्षकाच्या घरीं पाठविलें, आणि तो वर्षभर दर शनिवारीं मैदानावर चुन्याच्या रेघा ओढीत असे. त्या दोघां शिक्षांपैकीं कोणती विचारानें दिली गेली व कोणती रागानें, हें सांगावयास नको.

निर्णय

पवित्र शास्त्रांत डोळ्याबद्दल डोळा हा जो नियम आहे, त्यास पुष्कळ लोक सूडाची आज्ञा समजतात. वस्तुतः तो सूडाला घातलेला बांध आहे : एका डोळ्याबद्दल एकच, अधिक नव्हे. त्याच नियमशास्त्रांत, पुष्कळ जण करतात म्हणून त्यांच्या मागोमाग दुष्कर्मांत जाऊं नये, असाही इशारा आहे. ह्या दोन वचनांमध्यें आमचा प्रश्न बरोबर बसतो. गर्दी ही सबब नव्हे. तशीच गर्दीचा सगळा दोष एकाच्या डोक्यावर घालणें हाही न्याय नव्हे.

स्तेफनास दगडमार होत असतां शौल नांवाचा तरुण मारेकऱ्यांचीं वस्त्रें राखीत उभा होता. त्यानें दगड मारला नाहीं. पण त्याची संमति होती, आणि पुढें पौल झाल्यावर त्यानें ती स्वतः कबूल केली. विवेकाच्या न्यायालयांत तो दोषी ठरला. मनुष्याच्या न्यायालयास मात्र मन दिसत नाहीं; त्यास कृत्यच पाहावें लागतें. म्हणून आमचा निर्णय असा. ज्यानें दुसऱ्याच्या देहास इजा केली, किंवा जाणूनबुजून लोकांचे प्राण धोक्यांत घातले, त्यास कारावास न्याय्य आहे, व तो जमावांत होता म्हणून शिक्षा थोडी वाढावी हेंही न्याय्य आहे. परंतु प्रत्येकाचें कृत्य वेगळें सिद्ध झालें पाहिजे, व शिक्षा त्या कृत्याच्या मापानें दिली पाहिजे, वर्तमानपत्रांतील संतापाच्या मापानें नव्हे. २०१९ सालीं बर्मिंगहॅम येथें मैदानांत शिरून एका खेळाडूस ठोसा मारणाऱ्या प्रेक्षकास १४ आठवडे कारावास व दहा वर्षें सामन्यांची बंदी झाली. ही शिक्षा आम्हांस योग्य वाटते. तींत तुरुंग थोडा आहे व दूर ठेवणें अधिक. केवळ आरडाओरड किंवा मैदानांत शिरणें, एवढ्यासाठीं दंड व बंदी पुरेशी आहे. शेवटची गोष्ट ही कीं, मोडकी भिंत, बंद दरवाजा व बेफिकीर बंदोबस्त यांस जे जबाबदार, त्यांसही त्याच तराजूंत बसविलें पाहिजे. हेझेलच्या खटल्यांत पोलिसांचा एक अधिकारी व फुटबॉल संघटनेचा एक पदाधिकारी यांसही दोषी ठरविण्यांत आलें होतें, हें त्या निकालाचें भूषण होय.

विद्यार्थिमित्रांनो, पुढच्या सामन्यांत तुमचा संघ हरेल तेव्हां तुमच्या हातांत काय आहे तें पाहा. आणि शेजारच्या मुलाच्या हातांत दगड असेल, तर तो काढून घ्या. त्याबद्दल कदाचित् तुम्हांसच बोल लागेल, हें आम्हांस ठाऊक आहे. तरी घ्या. पालकांस आमची विनंति कीं, पुढील प्रश्न घरीं मुलांबरोबर बसून सोडवावे.

१. दंगलींत केवळ उभ्या राहिलेल्या मनुष्यास शिक्षा व्हावी काय ? कोणत्या प्रसंगीं ?

२. तोच ठोसा बाजारांत मारला व मैदानावर मारला, तर शिक्षा सारखी असावी काय ?

३. निरपराधास शिक्षा झाल्याचें मागाहून उघडकीस आलें, तर समाजानें त्याचें ऋण कसें फेडावें ?