समुद्राचे वेळापत्रक

वऱ्हाडापासून समुद्र फार दूर आहे. अकोल्याहून मुंबईच आगगाडीने सुमारे ५८० किलोमीटर! पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाणपट्ट्यात विहिरींचे पाणी खारट असते. तेथील मुलांची खाऱ्या पाण्याशी ओळख काय ती तेवढीच. म्हणून "यंदाची भाऊबीज अलिबागला आत्याकडे, आणि त्या रात्री समुद्रकाठी राहुटीत मुक्काम," असे बाबांनी सांगताच ताईचा व तिच्या धाकट्या भावाचा आनंद गगनात मावेना.

लगेच बेत ठरू लागला. मुंबईहून बोटीने मांडव्यास जावयाचे, तेथून बसने अलिबाग. आईने सतरंज्या, कंदील, ज्वारीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी अशी यादी केली. भावाने एक चित्र काढले. त्यात राहुटी अगदी पाण्याच्या काठाशी होती. दुसऱ्या दिवशी दुपारी सर्वांनी वाळूतून चालत कुलाबा किल्ल्यावर जावयाचे, असेही त्याने ठरविले. शिवाजी महाराजांनी १६८० साली बांधावयास घेतलेला हा किल्ला भर समुद्रात आहे; परंतु ओहोटीच्या वेळी तेथे पायी जाता येते.

हा सारा बेत आत्याला पत्राने कळविण्यात आला. तिचे उत्तर आले, "बेत छान आहे, पण आधी पंचांग पाहा. आमच्याकडे तिथीची पाऊणपट करतात. जो आकडा येतो, त्या सुमारास भरती असते. भरतीनंतर साधारण सहा तासांनी ओहोटी. आता तुमचा बेत पुन्हा तपासा."

पंचांगाचा आणि राहुटीचा काय संबंध? मुले बुचकळ्यात पडली. तेव्हा आजोबा म्हणाले, "चंद्राच्या आकर्षणाने समुद्राला भरती येते. चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो. म्हणून भरतीही तितकीच मागे पडते. अमावास्या आणि पौर्णिमा यांच्या सुमारास सूर्याचीही चंद्राला साथ मिळते व पाणी फार चढते. त्याला उधाण म्हणतात."

ताईने पाटी घेतली. भाऊबीज म्हणजे द्वितीया. दोनाची पाऊणपट दीड. दुपारी दीड वाजता भरती, साडेसातला ओहोटी आणि रात्री दोनच्या सुमारास पुन्हा भरती! ती एकदम थबकली. संध्याकाळी राहुटी ठोकताना पाणी दूर गेलेले दिसेल; पण सारे गाढ झोपलेले असताना तेच पाणी उशाशी येईल. शिवाय अमावास्या नुकतीच झालेली. म्हणजे उधाणाचेच दिवस.

भावाने मुकाट्याने किल्ल्याचे गणित मांडले. तृतीयेला भरती दुपारी सव्वादोनला. म्हणजे त्याच्या बेताप्रमाणे भर दुपारी किल्ल्याभोवती पाणीच पाणी! ओहोटी मात्र सकाळी आठच्या सुमारास. साडेसातला निघून नऊच्या आत परतले पाहिजे.

नवे चित्र तयार झाले. वाळूवर शेवाळ आणि शिंपले यांची रेषा उमटते, ती मागच्या भरतीची खूण. राहुटी त्या रेषेच्या बरीच वर, सुरूच्या झाडांजवळ गेली. कोपऱ्यात भावाने लिहिले, 'किल्ल्यावर जाण्यापूर्वी कोळीबांधवांना विचारणे.'

आईने आपल्या यादीत सर्वांत वर एक वस्तू वाढविली : पंचांग.

पाहुण्याने यजमानाच्या घरची रीत पाळावी. समुद्राकाठी यजमान समुद्रच असतो.