सोळाव्या वर्षाची सही

टेमघर, भिवंडी
जानेवारी २०२६

चि. अथर्व यास,


‘मामा, मी इंडियाकडून खेळू की जर्मनीकडून?’ असं तू विचारलंस. खरं सांगू का, दोघांपैकी कोणीही तुला अजून बोलावलेलं नाही. तू पंधरा वर्षांचा आहेस, क्लबच्या सोळाखालील संघात राइट-बॅक खेळतोस आणि सतराखालील संघात तुला घेतात की नाही ते हंगाम संपेपर्यंत कळेल. मैदानावरचा तुझा प्रश्न सध्या एवढाच आहे. दुसरा जो आहे तो फुटबॉलचा नाही, पासपोर्टचा आहे. या दोघांची गल्लत तुमच्या घरी झालीय, आमच्याकडे झालीय आणि तुला मेसेज पाठवणाऱ्या त्या एजंटने तर ती मुद्दाम केलीय. हे फोनवर नीट बोलून होणार नाही म्हणून लिहायला घेतलं.

आधी जर्सीचं. वयोगटाच्या संघातून एकदा खेळलं की जन्माची गाठ बसली, असं तुझ्या बाबांना वाटतं. तसं पूर्वी बरंच होतं, आता नाही.  सतराखालील, एकोणीसखालील सामने खेळूनही पुढे देश बदलता येतो. २०२० मध्ये फिफाने नियम आणखी सैल केले, त्यामुळे वरिष्ठ संघाकडूनसुद्धा एकविशीच्या आत तीनपेक्षा जास्त सामने झालेले नसतील, विश्वचषकाच्या किंवा खंडीय स्पर्धेच्या मुख्य फेरीत उतरलेला नसशील आणि मध्ये तीन वर्षं गेली असतील, तर परवानगी मिळू शकते. जमाल मुसियाला तुमच्याच स्टुटगार्टमध्ये जन्मला, चेल्सीच्या अकादमीत वाढला, इंग्लंडच्या एकवीसखालील संघातून खेळला आणि २०२१ मध्ये त्याने जर्मनी निवडली. हमझा चौधरी इंग्लंडच्या एकवीसखालील संघाकडून खेळला होता. तो २५ मार्च २०२५ ला शिलाँगमध्ये बांगलादेशकडून उतरला, तोही आपल्याच विरुद्ध. थोडक्यात, जर्सीच्या बाबतीत तुझ्याकडे भरपूर वेळ आहे. फिफाला तुझी घाई नाही.

घाई पासपोर्टची आहे, आणि ती तुझ्या आईबाबांनी काढलीय. ती रास्त आहे. जर्मनीने २७ जून २०२४ पासून कायदा बदलला. आता पाच वर्षं कायदेशीर राहिलेल्याला अर्ज करता येतो आणि जुनं नागरिकत्व सोडून या असं जर्मनी म्हणत नाही. तुझ्या संघातल्या तुर्की पोराला दोन पासपोर्ट ठेवता येतात ते म्हणून. अडचण आपल्याकडची आहे. १९५५ च्या आपल्या नागरिकत्व कायद्याचं कलम ९ सांगतं की स्वतःहून परदेशाचं नागरिकत्व घेतलं की भारताचं संपलं. राजीनामा लिहून द्यावा लागत नाही, ते आपोआप जातं. मग हातात येतं ओसीआय कार्ड. त्यावर तू जन्मभर बिनव्हिसा टेमघरला येशील, आजीच्या हातच्या तांदळाच्या भाकऱ्या खाशील. मत देता येणार नाही. आणि भारताच्या संघातही खेळता येणार नाही, कारण भारतीय पासपोर्ट असेल त्यानेच देशाकडून खेळायचं असं क्रीडा मंत्रालयाने २००८ च्या अखेरीस ठरवून टाकलंय. यान धांडा बर्मिंगहॅमचा, लिव्हरपूलच्या अकादमीतून आलेला. भारताकडून खेळायला आवडेल असं तो उघड म्हणाला, पण त्यासाठी ब्रिटिश पासपोर्ट सोडावा लागला असता. गाडी तिथेच अडली.

परतीचा रस्ता बंद नाही, पण तो कुठून जातो ते बघ. ओसीआय म्हणून पाच वर्षं झालेली हवीत आणि अर्जाच्या आधीचे बारा महिने भारतात राहिलेला हवास. म्हणजे युरोपातल्या क्लबात खेळता खेळता हे होत नाही. आधी इथे यायचं, राहायचं, मग अर्ज. अराता इझुमी जपानमध्ये जन्मला, वडील भारतीय. तो इथे आला, महिंद्र युनायटेडकडून मुंबईत खेळला, मग पुणे एफसीकडून. बालेवाडीला मी त्याला पाहिलाय, चेंडू पायाशी आला की घाई म्हणून करायचा नाही. त्याने जपानचं नागरिकत्व सोडलं आणि २०१३ मध्ये भारताची जर्सी घातली, तोवर तिशी उलटली होती. रायन विल्यम्सचं उदाहरण तर मुंबईचंच म्हणायला हवं. त्याची आई मुंबईच्या अँग्लो-इंडियन घरातली, आजोबा १९५०च्या दशकात संतोष ट्रॉफीत मुंबईकडून खेळलेले. स्वतः जन्मला पर्थला, फुलहॅम आणि पोर्ट्समथला खेळला, २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाकडून एक मैत्रीपूर्ण सामनाही झाला. २०२३ मध्ये तो बेंगळुरूला आला आणि २०२५ च्या नोव्हेंबरात त्याच्या हातात भारतीय पासपोर्ट पडला. बत्तिसाव्या वर्षी. त्याच महिन्यात तो संघाबरोबर ढाक्याला गेला, पण ऑस्ट्रेलियाच्या संघटनेचं ना हरकत पत्र पोचलं नव्हतं म्हणून सामन्याला बाहेर बसला. बांगलादेशने १-० ने हरवलं आपल्याला. हमझा होता त्यांच्याकडे.

त्या रात्री आमच्या नाक्यावरही तावातावाने चर्चा झाली. चार ओसीआय पोरं आणली की काम झालं, असा सूर. मी शाळेत पीटीचा मास्तर, मला हसू येतं. मोरोक्कोचं उदाहरण सगळे देतात. २०२२ च्या विश्वचषकात त्यांच्या सव्वीस जणांपैकी चौदा परदेशात जन्मलेले होते, हकीमी माद्रिदमध्ये जन्मून रेआलच्या अकादमीत वाढलेला, आणि त्याच्याच पेनल्टीने स्पेन बाहेर गेला, हे सगळं खरं. पण पोर्तुगालविरुद्ध गोल करणारा एन-नेसिरी घरच्या अकादमीतला होता. राजाच्या नावाची ती अकादमी २००९ पासून सुरू आहे. त्यांनी आधी घर बांधलं आणि मग परगावच्या पोरांना बोलावलं. आपल्याकडे काल्हेर-पूर्ण्याच्या बाजूला शेतं जाऊन गोदामं झाली, उरल्यासुरल्या मोकळ्या जागेत टेनिस बॉलच्या क्रिकेटचे सामने. माझी पोरं तासाचे पैसे भरून टर्फवर सात-सात जण खेळतात. त्यातल्या कोणाला राइट-बॅक म्हणजे काय ते ठाऊक नाही, कारण तेवढी लांब बाजूच त्यांनी कधी बघितलेली नाही. सरकारने ओसीआय मुलांसाठी दार उघडावं असं माझंही मत आहे, निदान एकविशीपर्यंत तरी. पण ते उघडत नाही याचं ओझं तुझ्या डोक्यावर कशाला?

आजीचं मनावर घेऊ नकोस. ‘आपला पोर आपल्याच देशाकडून खेळला पायजे’ असं ती म्हणते, आणि पाच मिनिटांनी ‘जर्मनीचा कोट किती छान असतो’ असंही म्हणते. मावशीने कुटुंबाच्या ग्रुपवर तुझा फोटो तिरंगा लावून टाकला, तो मी काढायला लावला. पंधरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर नातेवाइकांनी झेंडा बांधू नये, कुठलाच.

आता त्या एजंटविषयी, जो तुला इन्स्टाग्रामवर मेसेज पाठवतो. त्याने तीन गोष्टी सांगितल्या, त्या तिन्हींची खोली मोजून बघू. पहिली, ‘सोळाव्या वर्षी इंग्लंडच्या अकादमीत नेतो.’ ब्रेक्झिटनंतर, म्हणजे १ जानेवारी २०२१ पासून, इंग्लिश क्लबांना बाहेरच्या देशातला अठराखालील खेळाडू घेताच येत नाही. म्हणजे हा माणूस एक तर अडाणी आहे किंवा खोटारडा. दुसरी, ‘पाच वर्षांचा करार करून देतो.’ अठराखालील मुलाशी तीन वर्षांपेक्षा लांब व्यावसायिक करार फिफाच्या नियमांत बसत नाही. तिसरी, ‘भारताच्या सतराखालील संघात माझी ओळख आहे.’ असेलही. पण तुझ्याकडे आज भारतीयच पासपोर्ट आहे, तुला बोलवायला कोणाच्या ओळखीची गरज काय? २०१७ मध्ये आपल्याकडे सतराखालील विश्वचषक झाला तेव्हा संघात नमित देशपांडे होता, मूळचा मुंबईचा, अमेरिकेत वाढलेला. पासपोर्ट भारतीय, म्हणून प्रश्नच आला नाही. त्याच संघातल्या सनी धालीवालला कॅनडाचं नागरिकत्व सोडावं लागलं होतं. आणि कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, क्रीडा प्रबोधिनीतून वर आलेला, तोही त्याच संघात होता. पुढे तो तीन महिने ब्लॅकबर्न रोव्हर्सकडे सरावाला गेला, आपल्या पुण्याच्या वेंकीजच्या मालकीचा तो क्लब. बोलावणारे बोलावतात. मधल्या माणसाला पैसे द्यावे लागले तर ते बोलावणं नसतं.

अठराखालील मुलांना देशादेशांतून उचलून नेण्यावर फिफाचं कलम १९ आहे, आणि ते कागदावरचं नाही. बार्सिलोनाला २०१४ मध्ये शिक्षा झाली, रेआल आणि अ‍ॅटलेटिको माद्रिदला २०१६ मध्ये, चेल्सीला २०१९ मध्ये. मार पडला तो मात्र पोरांना. जपानचा ताकेफुसा कुबो २०११ मध्ये बार्सिलोनाच्या ला मासिया अकादमीत गेला, त्या बंदीमुळे खेळायलाच मिळेना म्हणून २०१५ मध्ये जपानला परतला. अठरा पूर्ण झाल्यावर पुन्हा स्पेनला गेला आणि आज रेआल सोसिएदादकडे आहे, म्हणून त्याची गोष्ट आपण ऐकतो. ज्यांना पुन्हा जाता आलं नाही त्यांची कोण सांगणार? तुझं बरं आहे. तू चौथ्या वर्षी बाबांच्या नोकरीमुळे तिकडे गेलास, फुटबॉलसाठी नाही, म्हणून तुझी नोंदणी सरळ आहे. तो सरळपणा कुठल्या तरी चाचणीच्या आमिषाने घालवू नकोस.

मग पासपोर्टचं काय करायचं? फुटबॉल नाही असं धरून ठरव. अकादमीतली बहुतेक मुलं व्यावसायिक होत नाहीत, हे तुमच्या प्रशिक्षकानेही सांगितलंय. गुडघा गेला, उंची थांबली, नवा प्रशिक्षक आला, एवढंही पुरतं. तेव्हा विचार असा कर: तुला शिकायचं कुठे आहे, राहायचं कुठे आहे, आईबाबा म्हातारपणी कुठे असतील. उत्तर जर्मनी असेल तर पासपोर्ट घे, खुशाल घे, मला वाईट वाटणार नाही. निळा असो की लाल, तुझं मामाकडे येणं चुकत नाही. उत्तर ठाऊक नसेल तर थांब. भारतीय पासपोर्टवर जर्मनीत राहता येतं, शिकता येतं, क्लबात खेळता येतं. अडतं ते फक्त जर्मनीच्या राष्ट्रीय संघापाशी, आणि तिथून अजून कोणी हाक मारलेली नाही.

एक गोष्ट मात्र तुझ्या हातात आहे आणि ती तुला कोणी सांगितलेली दिसत नाही. जर्मन कायद्यात सोळा पूर्ण झालेला मुलगा नागरिकत्वाच्या बाबतीत स्वतः अर्जदार असतो. तुझा वाढदिवस ऑगस्टात. त्यानंतर तुझ्या अर्जावर सही तुझी. आईबाबा समजावतील, रागावतीलही, पण सही करणारा तू. म्हणून ऑगस्टपर्यंत एवढं कर: आईला घेऊन तुमच्या शहराच्या नागरिकत्व कार्यालयात जा आणि सगळं तोंडी विचार, मग म्युनिकच्या भारतीय वकिलातीला लेखी विचार की अज्ञान मुलाने अर्ज केला तर त्याच्या भारतीय नागरिकत्वाचं नेमकं काय होतं. उत्तर लेखीच माग. यूट्यूबवरचं आणि माझंही ऐकून सही करू नकोस.

गणित सुधार. डाव्या पायाने क्रॉस मारतोस तेव्हा अजून मागे झुकतोस, व्हिडिओत स्पष्ट दिसतं. इकडे मेट्रोचं टेमघर स्टेशन अजून बांधतायत, पुढच्या सुट्टीत आलास तर धूळ खाशील, तेव्हा बूट जुने आण.

आणि त्या एजंटचा नंबर आजच ब्लॉक कर, केलास की मला कळव.

तुझा
मामा