मेगावॅट आणि युनिट

सायंकाळी साडेसातला डोंबिवली स्थानकात गाड्या, दिवे, पंखे सारे विजेवर चालू असते; पण सौरपटले तेव्हा काहीच देत नाहीत. दुपारची वीज रात्रीसाठी साठवायची कशी?

एक उपाय ठाणे जिल्ह्यातच आहे. शहापूर तालुक्यात सह्याद्रीच्या पायथ्याशी एक जलाशय आणि वर माथ्यावर घाटघरला दुसरा. मागणी कमी असताना पंपाने पाणी वर चढवायचे, वाढली की खाली सोडून जनित्रे फिरवायची. यालाच उदंचन म्हणतात. जपानशी कर्जाचा करार १९८८ मध्ये झाला. वीजघर पुरे व्हायला २००८ उजाडले. क्षमता २५० मेगावॅट.

आता वही घ्या. १ घनमीटर पाणी म्हणजे १००० किलोग्रॅम. उंची सुमारे ४०० मीटर धरली, तर स्थितिज ऊर्जा १००० × ९.८ × ४०० = ३९,२०,००० ज्यूल. एक युनिट म्हणजे ३६,००,००० ज्यूल. एवढ्याशा एका युनिटासाठी गच्चीवरची हजार लिटरची टाकी सह्याद्रीवर चढवायची!

शिवाय चार युनिटे खर्चावीत तेव्हा साधारण तीन परत मिळतात. म्हणजे हे वीजघर वीज साठवते, नवी निर्माण करत नाही. पंप कोळशाच्या विजेवर चालवले, तर परत मिळालेल्या प्रत्येक युनिटामागे एक-तृतीयांश कोळसा जादाच जळतो. दुपारच्या सौरविजेवर चालवले, तर तीच वीज स्वच्छ. सरकारी यादीत मात्र दोन्ही वेळा नोंद एकच: जलविद्युत, २५० मेगावॅट.

देशोदेशींची वचने वाचताना हा फरक ध्यानात ठेवा. मेगावॅट ही क्षमता, युनिट ही प्रत्यक्ष दिलेली ऊर्जा. भारताने २०१५ च्या पॅरिस करारासाठी वचन दिले ते क्षमतेचे: २०३० पर्यंत ४० टक्के बिगर-खनिज इंधनाची. २०२२ मध्ये ते ५० टक्के केले आणि २०२५ मध्येच गाठले. हे यश खरेच. पण २०२४ मध्ये देशात तयार झालेल्या युनिटांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक कोळशाचीच होती.

श्रीमंत देशांचा हिशेब तर याहून सैल. २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू, असे त्यांनी २००९ मध्ये कोपनहेगनला सांगितले. आकडा गाठला २०२२ मध्ये. त्यातही सरकारी पैशाचा मोठा भाग कर्जाचा. परत घ्यायच्या पैशाला मदत म्हणणे मला तरी पटत नाही.

एक गणित तुमच्यासाठी: घाटघरने पूर्ण क्षमतेने एक तास वीज दिली, तर किती घनमीटर पाणी खाली उतरेल? एक-दशांश ऊर्जा वाया जाते असे धरा.